पिएर फोशार

पिएर फोशार (जन्म : इ.स. १६७८च्या सुमारास, पश्चिम फ्रान्स, मृत्यू : मार्च १७६१, पॅरिस) हे अठराव्या शतकातील फ्रेंच दंतवैद्य व ग्रंथकार होते. त्यांना आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाते. इ.स. १७२८मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेला त्यांचा 'ल शिरुर्जियाँ दाँतिस्त' हा द्विखंडात्मक ग्रंथ म्हणजे दातांची रचना, रोग, उपचार आणि कृत्रिम दात या सर्व विषयांची एकत्रित व पद्धतशीर मांडणी करणारी पहिली कृती होय. किडलेला दात उपटून टाकण्याऐवजी तो शक्यतो वाचवावा, वाकडा दात सरळ करावा आणि गेलेल्या दाताच्या जागी शोभेल व उपयोगी पडेल असा दात बसवावा, ही दृष्टी त्यांनी या व्यवसायाला दिली. त्याचबरोबर, पिढ्यान्‌पिढ्या गुपित म्हणून जपली गेलेली कौशल्ये त्यांनी छापून सर्वांसाठी खुली केली.

पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दातांवरील उपचार म्हणजे मुख्यतः दात उपटणे. हे काम न्हावी-शल्यवैद्य, फिरते दात काढणारे आणि जत्रेतील भोंदू करत असत. पॅरिसच्या पाँ-नफ या पुलावर दात काढण्याचे खेळ उघड्यावर चालत. तेथील 'थोरला थॉमस' या नावाने ओळखला जाणारा धिप्पाड दात काढणारा फोशार यांचा समकालीन होता. इ.स. १७२९मध्ये फ्रान्सच्या युवराजाचा जन्म झाला, तेव्हा आनंदोत्सव म्हणून त्याने लोकांचे दात फुकट काढण्याची घोषणा केली होती.

राजवाड्यातील स्थितीही फारशी वेगळी नव्हती. इ.स. १६८५च्या सुमारास राजा चौदावा लुई याचे वरच्या जबड्यातील दात काढताना जबड्याचा भाग तुटला आणि टाळूला छिद्र पडले. त्यामुळे प्यालेले द्रव नाकावाटे बाहेर येऊ लागले. युरोपातील सर्वांत सामर्थ्यशाली राजाची ही अवस्था, तर सामान्य माणसाला दातदुखी म्हणजे सहन करण्याची किंवा दात गमावण्याचीच गोष्ट होती. चाळिशीनंतर तोंडात मोजकेच दात उरणे यात कोणालाही विशेष वाटत नसे. त्या काळातील चित्रांमध्ये प्रतिष्ठित व्यक्ती ओठ मिटूनच बसलेल्या दिसतात. त्यामागे शिष्टाचार होता, तशीच दातांची दुरवस्थाही होती.

फ्रान्समध्ये या व्यवसायाला कायद्याची पहिली चौकट सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी मिळाली. पॅरिसमध्ये दातांवर उपचार करू इच्छिणाऱ्यांनी शल्यवैद्यांच्या मंडळापुढे परीक्षा देऊन 'दातांचे जाणकार' ही मान्यता मिळवावी, असा नियम झाला. मात्र परीक्षा घेणारे शल्यवैद्य होते. त्यांच्यात दातांचे काम प्रत्यक्ष करणारा कोणी नसे. ही उणीव पुढे फोशार यांनी आपल्या ग्रंथात स्पष्टपणे दाखवून दिली.

प्रारंभिक जीवन

फोशार यांच्या बालपणाविषयी फारच थोडी माहिती उपलब्ध आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी, इ.स. १६९३मध्ये, ते फ्रान्सच्या राजेशाही नौदलात शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथे अलेक्सांद्र पोतलरे हे नौदलाचे शल्यवैद्य त्यांचे गुरू होते. पोतलरे यांनी तोंडाच्या रोगांचा विशेष अभ्यास केला होता.

या अभ्यासाला जहाजांइतकी योग्य जागा दुसरी नव्हती. महिनोन्‌महिने ताजी फळे व भाज्या न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही होत असे. हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दात हलू लागत आणि अखेरीस गळून पडत. तरुण फोशार यांनी हिरड्या व दात यांचा परस्परसंबंध प्रथम येथे पाहिला. दाताचा विचार हिरडी, जबडा आणि एकूण प्रकृती यांपासून वेगळा करता येत नाही, ही त्यांच्या लेखनातील कायमची भूमिका या अनुभवातून घडली. तीन वर्षांनंतर त्यांनी नौदल सोडले.

आँजे येथील व्यवसाय

इ.स. १६९६च्या सुमारास फोशार यांनी पश्चिम फ्रान्समधील आँजे या शहरात व्यवसाय सुरू केला. तेथून ते नाँत, रेन, तूर या शहरांतही रुग्ण तपासण्यासाठी जात. सुमारे दोन दशकांच्या या काळात त्यांनी आपली पद्धत घडवली. औपचारिक शिक्षण देणारी कोणतीही दंतवैद्यक शाळा त्या काळी अस्तित्वात नव्हती. त्यामुळे त्यांनी इतर कारागिरांच्या हत्यारांकडे लक्ष दिले. सोनार, घड्याळजी आणि जडकाम करणारे यांची हत्यारे दाताच्या सूक्ष्म कामाला उपयोगी पडतात, हे त्यांनी ओळखले आणि त्यांत आवश्यक ते बदल करून ती वापरात आणली. प्रत्येक रुग्णाची तक्रार, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम यांची नोंद ते ठेवत. या नोंदींपैकी अनेक नोंदी पुढे त्यांच्या ग्रंथात उदाहरणे म्हणून आल्या.

पॅरिसमधील वास्तव्य

इ.स. १७१९च्या सुमारास फोशार पॅरिसला स्थायिक झाले. राजधानीत त्यांचा जम लवकर बसला आणि सरदार-दरकदारांपासून नटमंडळींपर्यंत अनेक जण त्यांच्याकडे येऊ लागले. मात्र येथेच त्यांना आपल्या व्यवसायातील मूळ दोष तीव्रतेने जाणवला. दातांविषयी शिकायचे तर वाचण्यासारखे पुस्तक नव्हते. ज्यांना काही येत होते, ते आपली युक्ती कोणालाही सांगत नव्हते. एखादा कुशल कारागीर मरण पावला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर संपत असे आणि पुढच्या माणसाला तीच वाट पुन्हा शोधावी लागे. गुप्ततेच्या या प्रथेचा फायदा भोंदूंना सर्वांत अधिक होत होता, कारण खरे काय आणि खोटे काय हे पारखण्याचे साधन रुग्णाजवळ नव्हते.

'ल शिरुर्जियाँ दाँतिस्त' हा ग्रंथ

फोशार यांनी इ.स. १७२३मध्ये ग्रंथाचे हस्तलिखित पूर्ण केले. ते लगेच छापण्याऐवजी त्यांनी पॅरिसमधील नामवंत वैद्य व शल्यवैद्यांना वाचायला दिले, त्यांची मते मागवली आणि त्यांची संमतिपत्रे ग्रंथात समाविष्ट केली. या प्रक्रियेत पाच वर्षे गेली. इ.स. १७२८मध्ये ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात हत्यारे, दात, कवळ्या व इतर उपकरणे यांची सुमारे ४० कोरीव चित्रपत्रे होती. कोणते हत्यार कसे धरावे, त्याचा आकार किती असावा, ते कोठे टेकवावे, हे या चित्रांवरून व वर्णनावरून दूर गावातील शल्यवैद्यालाही समजू शकत होते.

ग्रंथाच्या नावातील 'शिरुर्जियाँ दाँतिस्त', म्हणजे शल्य-दंतवैद्य, ही संज्ञा फोशार यांनी रूढ केली. बाजारातील दात काढणारा आणि शरीररचना जाणणारा, शल्यकर्म शिकलेला दंतवैद्य यांच्यातील फरक या एका नावाने स्पष्ट झाला.

इ.स. १७३३मध्ये ग्रंथाचे जर्मन भाषांतर बर्लिन येथे प्रसिद्ध झाले. इ.स. १७४६मध्ये फोशार यांनी स्वतः सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. या आवृत्तीत त्यांनी हिरड्यांतून पू येऊन निरोगी दिसणारे दातही सैल होतात, या विकाराचे वर्णन केले. आज ज्याला पायोरिया म्हणतात त्याचे हे प्रारंभीच्या नेमक्या वर्णनांपैकी एक असून हा विकार काही काळ फोशार यांच्या नावाने ओळखला जात असे. तिसरी आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १७८६मध्ये निघाली. इंग्रजी भाषांतर मात्र इ.स. १९४६मध्ये झाले. ते ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला लिलियन लिंडसे यांनी केले.

उपचारपद्धती

दात वाचवणे व भरणे

दात उपटणे हा शेवटचा उपाय, असे फोशार मानत. कीड लागलेला भाग प्रथम कोरून व कानशीने घासून स्वच्छ करावा आणि मग पोकळी धातूच्या पातळ पत्र्याने ठासून भरावी, अशी त्यांची पद्धत होती. यासाठी कथील, शिसे आणि सोने हे तीन धातू वापरले जात. शिसे काळे पडते आणि सोने महाग पडते, म्हणून ते कथिलाला प्राधान्य देत. सुताराच्या सामत्याप्रमाणे धनुष्याच्या दोरीने फिरणारे छोटे छिद्रकही ते वापरत. पोकळीत ठणका असेल तर लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलात भिजवलेला कापूस काही दिवस ठेवून ठणका थांबल्यावर दात भरावा, असे त्यांनी सुचवले. दाताच्या आत पू साठला असल्यास आतील पोकळीपर्यंत छिद्र पाडून तो वाहू द्यावा, हेही त्यांनी सांगितले. आजच्या रूट कॅनाल उपचाराचा हा एक पूर्वज मानता येतो.

वाकडे दात सरळ करणे

वेडेवाकडे दात ओळीत आणण्यासाठी फोशार यांनी सोन्याची किंवा चांदीची अरुंद पट्टी वापरली. दातांच्या कमानीच्या आकारात वाकवलेल्या या पट्टीला छिद्रे असत. त्यांतून दोरा ओवून वाकडा दात पट्टीला बांधला जाई आणि दोऱ्याच्या ताणाने दात हळूहळू हलत असे. ही पट्टी म्हणजे आजच्या ब्रेसेसचे आद्य रूप होय. याशिवाय पकडीने दात एकदम जागेवर आणून, तो स्थिर होईपर्यंत शेजारच्या दातांना बांधून ठेवण्याची पद्धतही ते वापरत. ही रीत वेदनादायक व जोखमीची होती आणि पुढे ती मागे पडली.

कृत्रिम दात

गेलेल्या दातामुळे चेहरा बिघडतो, तसेच उच्चार आणि चर्वणही बिघडते, याकडे फोशार यांनी लक्ष वेधले. नट, वक्ते व गायक यांच्या दृष्टीने ही केवळ शोभेची बाब नव्हती. तिच्यावर त्यांची उपजीविका अवलंबून होती.

एखाद्या दाताचा वरचा भाग गेला असून मूळ शाबूत असेल, तर त्या मुळात सोन्याची किंवा चांदीची खुंटी बसवून तिच्यावर मानवी अथवा हस्तिदंती दात चढवण्याची पद्धत त्यांनी तपशिलाने वर्णिली. खुंटी पक्की बसवण्यासाठी ते उष्णतेने मऊ होणारा लुकणासारखा पदार्थ वापरत. एकाहून अधिक दात गेले असतील तर कृत्रिम दात दोऱ्याने किंवा तारेने शेजारच्या दातांना बांधले जात. हे दात पाणघोड्याच्या सुळ्यापासून, वॉलरसच्या दातापासून, बैलाच्या हाडापासून किंवा मृत माणसांच्या दातांपासून तयार केले जात.

संपूर्ण कवळीचा प्रश्न सर्वांत अवघड होता, कारण वरची कवळी खाली पडत असे. फोशार यांनी वरच्या व खालच्या कवळ्या पोलादी स्प्रिंगांनी जोडल्या. स्प्रिंगांच्या दाबाने वरची कवळी टाळूशी टेकून राही. अशी कवळी वापरण्यास त्रासदायक होती आणि तोंड मिटून ठेवण्यासाठी जबड्याच्या स्नायूंना सतत जोर लावावा लागे. तरीही ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, त्यांना चारचौघांत बोलणे त्यामुळे शक्य झाले.

रंगाच्या बाबतीतही त्यांनी नवा प्रयोग केला. हस्तिदंत काही काळाने पिवळा पडतो व त्याला दुर्गंधी येते. म्हणून धातूच्या पत्र्यावर मीनाकारी करून दात आणि हिरडी यांचे नैसर्गिक रंग आणण्याची रीत त्यांनी अवलंबली. या कामासाठी ते मीनाकारी करणाऱ्या कारागिरांची मदत घेत. दाताच्या छटेशी जुळणारा, भट्टीत भाजलेला, न डागळणारा पृष्ठभाग ही कल्पना पुढे पोर्सेलिनच्या दातांमध्ये पूर्णत्वास गेली.

टाळूवरील उपकरणे

उपदंशामुळे किंवा इजेमुळे टाळूला छिद्र पडलेल्या रुग्णांना बोलणे व गिळणे कठीण जात असे. सोळाव्या शतकातील शल्यवैद्य आंब्रुआज पारे यांनी अशा छिद्रात स्पंज बसवलेली चकती वापरली होती. मात्र स्पंज ओला होऊन कुजत असे. फोशार यांनी पाच प्रकारची उपकरणे तयार केली. त्यांपैकी काहींना लहान पंख होते. उपकरण छिद्रातून वर सरकवून किल्ली फिरवली की पंख उघडत आणि ते जागेवर बसे. काही उपकरणांना कृत्रिम दातही जोडलेले होते.

रुग्णाची बैठक

त्या काळी रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके दात काढणाऱ्याच्या गुडघ्यांत धरण्याची पद्धत होती. फोशार यांनी ती त्याज्य ठरवली. रुग्ण भक्कम आरामखुर्चीत बसावा, त्याच्या डोक्याला आधार असावा आणि प्रकाश तोंडात पडावा, असे त्यांनी सांगितले. भय कमी झाले तर हातही अचूक चालतो, ही त्यामागील जाणीव होती.

दंतरोगांची कारणे

दात किडण्याचे कारण म्हणजे दातात शिरलेला किडा, ही समजूत अनेक संस्कृतींमध्ये हजारो वर्षे प्रचलित होती. सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' या नावाचा दंतरोग आढळतो आणि दाताला कीड लागणे हा मराठीतील नेहमीचा शब्दप्रयोगही त्याच समजुतीची खूण जपतो. फोशार यांनी किडलेल्या दातांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. त्यांना तेथे किडा आढळला नाही. म्हणून किडा हे रोगाचे कारण असल्याचे त्यांनी अमान्य केले.

साखर व गोड पदार्थ दातांना घातक असल्याचे त्यांनी ठामपणे नोंदवले. साखरेचा वापर युरोपातील सधन वर्गात झपाट्याने वाढत असतानाचे हे निरीक्षण महत्त्वाचे ठरते. रोज सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या स्पंजाने दात पुसावेत, दातांवरील कीटण वेळोवेळी काढून घ्यावे, अशा सूचना त्यांनी दिल्या. दात पांढरेशुभ्र करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या तीव्र आम्लांविरुद्ध त्यांनी इशारा दिला. अशा आम्लांनी दात काही दिवस चमकतात, परंतु वरचे कठीण आवरण कायमचे नष्ट होते आणि मग दात अधिकच काळवंडतात.

भोंदूगिरीचा पर्दाफाश

ग्रंथातील एक प्रकरण फसवणुकीच्या प्रकारांना वाहिलेले आहे. गर्दीतील साथीदाराच्या तोंडात आधीच दात व रक्ताची पातळ पिशवी लपवायची, बोट लावताच त्याने रक्तासह दात थुंकायचा आणि वेदनेशिवाय दात काढल्याचा गाजावाजा करायचा, अशा युक्त्यांचे त्यांनी वर्णन केले. सोन्याचे पैसे घेऊन हलका धातू भरणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. मात्र त्यांचा उद्देश केवळ प्रतिस्पर्ध्यांना नावे ठेवणे हा नव्हता. स्वतः शोधून काढलेल्या युक्त्या, हत्यारे व उपकरणेही त्यांनी त्याच ग्रंथात उघड केली. ज्या बळावर त्यांना पॅरिसमध्ये गिऱ्हाईक मिळत होते, ते बळ त्यांनी कोणाही वाचकाच्या हाती दिले.

मर्यादा

फोशार हे आपल्या काळाचे अपत्य होते. रोगाचे मूळ शरीरातील द्रवांच्या बिघाडात असते, हा प्राचीन सिद्धांत त्यांनी सोडला नाही. जंतूंचा शोध लागण्यापूर्वी दात किडण्याचे खरे कारण त्यांना कळणे शक्य नव्हते. दातदुखीवर ताज्या मूत्राने चुळा भरण्याचा त्यांचा सल्ला आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटतो. एका माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या जबड्यात रोवण्याचे प्रयोगही त्यांनी नोंदवले. पुढे अठराव्या शतकात या प्रथेला ऊत आला आणि गरिबांचे निरोगी दात धनिकांसाठी विकत घेतले जाऊ लागले. भूल देण्याची सोय नसल्याने त्यांचे बहुतेक उपचार वेदनादायक होते आणि खर्चामुळे ते मुख्यतः सधन वर्गापुरतेच राहिले.

व्यक्तिगत जीवन

फोशार यांचा विवाह इ.स. १७२९मध्ये नटाच्या घराण्यातील एलिझाबेथ शमाँ यांच्याशी झाला. व्यवसायात संपन्नता आल्यावर इ.स. १७३४मध्ये त्यांनी पॅरिसच्या नैर्ऋत्येस ब्युर-स्युर-इव्हेत येथील ग्रां-मेनिल ही गढी विकत घेतली. त्यांचा मुलगा झाँ-बातिस्त (१७३७–१८१६) प्रथम वकील झाला. पुढे त्याने रंगभूमीची वाट धरली आणि त्याच गढीवरून घेतलेल्या 'ग्रांमेनिल' या नावाने तो कोमेदी-फ्रांसेझ या नाट्यसंस्थेतील नामांकित नट म्हणून प्रसिद्धीस आला. मार्च १७६१मध्ये पॅरिस येथे फोशार यांचे निधन झाले.

प्रभाव व वारसा

फोशार यांच्या ग्रंथानंतरच्या काही दशकांत पॅरिस हे युरोपातील दंतवैद्यकाचे प्रमुख केंद्र बनले. त्यांच्यामागून आलेल्या दंतवैद्यांनीही आपापले ग्रंथ लिहिले आणि ज्ञान छापून प्रसिद्ध करण्याची परंपरा रुळली. शतकाच्या अखेरीस निकोला द्युब्वा द शेमाँ यांनी पोर्सेलिनच्या कवळ्या बाजारात आणल्या. इ.स. १७८७मध्ये चित्रकर्ती एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ यांनी किंचित ओठ विलग करून दात दाखवणारे आपले हसरे आत्मचित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. त्यावर तेव्हा टीका झाली. मात्र दाखवण्याजोगे दात असू शकतात, ही गोष्ट समाजात रुजू लागल्याचे ते चित्र द्योतक असल्याचे काही इतिहासकार मानतात.

आज हास्य सुंदर करण्यासाठी केल्या जाणाऱ्या बहुतेक उपचारांची बीजे फोशार यांच्या ग्रंथात सापडतात. मुळात बसवलेल्या खुंटीवरील दाताची परिणती आजच्या क्राऊनमध्ये झाली, छिद्रांच्या पट्टीची ब्रेसेसमध्ये, मीनाकारी केलेल्या पत्र्याची सिरॅमिकच्या दातांमध्ये आणि कथिलाच्या भरणाची दाताच्या रंगाशी जुळणाऱ्या संमिश्र पदार्थांमध्ये. साहित्य व तंत्र यांत आमूलाग्र बदल झाला असला, तरी उपचाराचा क्रम त्यांनी घालून दिलेलाच आहे : प्रथम रोग दूर करणे, मग दात वाचवणे आणि त्यानंतर त्याचे रूप सुधारणे.

इ.स. १९३६मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावाने पिएर फोशार अकादमी स्थापन झाली. दंतवैद्यांची ही संस्था आज अनेक देशांमध्ये कार्यरत आहे. व्यापारी हितसंबंधांपासून मुक्त असे दंतवैद्यकीय लेखन वाढावे, हा तिच्या स्थापनेमागील एक हेतू होता. आपली विद्या छापून खुली करणाऱ्या दंतवैद्याचे नाव तिला देणे त्या हेतूला साजेसेच होते.